पाय टेकणारी खुर्ची

"गुरुवार, १४ नोव्हेंबर. सकाळी धुके. दूध उशिरा आले. अकराला खुर्च्या बघायला व्यापारी येणार. खोळी काढून ठेवल्या."

एवढे लिहून आत्यांनी पेनाला टोपण लावले. सगळी गल्ली त्यांना आत्याच म्हणते. तरुणपणी त्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे ट्रेस करायच्या. साहेबांनी सागवानी, वेताच्या बैठकीची खुर्ची करायला घेतली, तेव्हा मापाला ऑफिसातले सर्वांत बुटके माणूस बसवले, म्हणजे आत्यांनाच.

"हिचे पाय टेकले की जगाचे टेकतील!"

आत्यांचे टेकले, जगाचे गुडघे मात्र हनुवटीला लागले. नमुन्यादाखल केलेल्या चारही खुर्च्या साहेबांनी आत्यांना लग्नात देऊन टाकल्या. आत्यांनी त्या खोळी घालून जिवापाड जपल्या. कुणी टेकायला गेले की ओरडायच्या, "वेत तुटेल!"

शेवटी मुलगा वैतागला. "आई, खुर्च्या आहेत की जावई? या विकून सोफा आणू." आत्या 'बरं' म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना.

व्यापारी आला तो ताडमाड. ऐटीत बसला आणि अडकला. मुलाने हात धरून ओढून काढला.

"पाय कापलेत का हो हिचे?"

"छे! माप माझं आहे," आत्या म्हणाल्या.

व्यापारी खो खो हसला. "मग तर चारही घेतो. गोष्ट असलेली खुर्ची लगेच खपते." चहा घेऊन आलेल्या सुनेकडे वळून तो म्हणाला, "ताई, तुम्ही बसा जरा, फोटो काढतो."

सून सवयीने सासूकडे बघत राहिली. तीही चणीने आत्यांएवढीच.

"बस गं," आत्या म्हणाल्या, "आता तुटला तर त्यांचा वेत तुटेल."

सून बसली. पाठ टेकली. मग तिने खाली पाहिले.

"अगंबाई! आई, माझे पाय टेकले!" ऑफिसात, बसमध्ये, सगळीकडे तिचे पाय आजवर लोंबकळतच होते.

"झाला फोटो. उठा ताई."

"कशाला?"

"अगं, आणि सोफा?" नवरा म्हणाला.

"तुम्हाला हवा तर दुकानात जाऊन बसा त्याच्यावर!"

आत्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि सुनेच्या बाजूला बसल्या. व्यापाऱ्याने उभ्यानेच चहा संपवला.

संध्याकाळी वहीत एकच ओळ वाढली: "खोळी धुतल्या. उद्या त्यांची पायपुसणी शिवायची."