दोडक्याच्या मांडवावरून गेलेली तार

सून म्हणाली, मला तार बांधायची आहे. मी म्हटलं, कोठ्यात मांडवाची तार पडली आहे, घे लागेल तेवढी. मला वाटलं, कपडे वाळू घालायचे असतील. ती हसली आणि पेटीतून एक जुना संच काढून माझ्यासमोर ठेवला. काळा, जड, बटणंच बटणं. बिनतारी आहे म्हणाली. मी म्हटलं, बिनतारी आहे तं तार कशाला पाहिजे?

आम्ही नालवाडीच्या बाहेरच्या अंगाला राहतो. घरामागं वावराचा तुकडा आहे, त्यात दोडके, काकडी, चवळी. मुलगा जाम गावाला हायवेवरच्या गॅरेजात आहे, आठवड्यातून एकदा येतो. म्हणजे घरात मी आणि सून. माझी बायको गेल्याला वर्ष होत आलं. त्याआधी ती बरीच वर्षं खाटेवरच होती. तिचं पाणी, न्हाणं, हगणं-मुतणं सगळं या पोरीनं केलं. लोक म्हणतात, दिवस जातील तसं दुःख कमी होईल. कमीबिमी काही होत नाही. पण दोडके वेळेवर तोडले नाही तर जून होतात. तेवढ्यासाठी माणूस उठतो.

सुनेला कॉलेजात हा नाद लागला होता. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन घ्यायचं, मग घरबसल्या कुठल्या कुठल्या माणसाशी रेडिओवर बोलायचं. कामधंदा नाही, निव्वळ हौस. तिच्या एका सरांनी तिला हे शिकवलं. रोहण्याला माहेरी तिची तार होती. लग्न करून इथं आली, सासू आजारी पडली आणि संच पेटीत गेला. मला इतक्या वर्षांत पत्ता नाही. तिनंही कधी बोलून दाखवलं नाही.

आता ते सर म्हातारे झाले, कोल्हापूरकडं मुलाजवळ राहतात. दर रविवारी सकाळी ही मंडळी रेडिओवर जमतात, तिथं ते बसायचे. पण त्यांचे कान आता जात चालले. येत्या रविवारी शेवटचं बसणार, असं तिला कळलं. त्याआधी तिचा आवाज एकदा त्यांच्यापर्यंत गेला पाहिजे होता. मी म्हटलं, एवढंच आहे तर फोन कर.

"फोनवर कोणीबी बोलते मामाजी," ती म्हणाली. "त्यायनं जे शिकवलं त्याच्यावरच बोलाचं हाय मले. एकदा तरी."

मी चौथी शिकलेला माणूस, पण ज्यानं शिकवलं त्याला करून दाखवायचं असतं, एवढं मला कळतं.

तिच्या तारेची रीत अशी. एक टोक खिडकीशी एका डबीला लागतं. डबीत काळी कडी आणि तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. ते तिनं स्वयंपाकघरात, दूध उतू जाईल म्हणून एक डोळा गंजाकडं ठेवून गुंडाळले. दुसरं टोक लांब झाडाला. त्याला काही जोडायचं नाही. प्लास्टिकचा तुकडा, त्याच्यापुढं दोर, बस. आमच्याकडं वावराच्या कडेला कडुनिंब आहे. दोर त्याच्या वरच्या फांदीवरून न्यायचा होता आणि माझ्यानं आता झाडावर चढणं होत नाही. तिनं खुंटीवरची गोफण काढली, दगडाला बारीक सुतळी बांधली आणि फिरवून सोडली. पहिला दगड शेजाऱ्याच्या टिनावर वाजला. शेजारीण बाहेर येऊन म्हणाली, काऊन वो, आमच्या घरावर कोणता राग काढून राह्यली? नंतरचा बरोबर फांदीवरून गेला.

बायको हिंडती-फिरती होती तोवर मांडवाची तार ओढताना दरवर्षी एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला ती असायची. ती 'बस' म्हणाली की मी पीळ मारायचा. ती खाटेला लागल्यापासून मजूर लावून मांडव टाकतो, सगळा ढिला पडतो. तर झाडाशी मी दोर ओढत होतो आणि खिडकीतून सून म्हणाली, बस. मला क्षणभर पुढं काय करायचं तेच सुचलं नाही. दोर हातात धरून उभा राहिलो.

मग तार जुळवणं. संचावर एक काटा असतो, तो खाली बसला पाहिजे, नाहीतर पाठवलेली ताकद संचातच परत येते. तार थोडी लांब होती. मी पक्कड घेऊन निघालो, तर म्हणाली कापायची नाही, दुमडायची. कापलेली परत लांब होत नाही. दोर सोडून टोक खाली घ्यायचं, बोटभर दुमडून तारेवरच गुंडाळायचं, वर चढवायचं, घरात जाऊन काटा पाहायचा, पुन्हा यायचं. उन्हात तिनं किती खेपा घातल्या. एकदाही वैतागली नाही. असंच ती सासूची कूस बदलायची, थोडी इकडं, थोडी तिकडं, बुढीला बरं वाटेपर्यंत. संध्याकाळी काटा खाली बसला.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. मला दिसलं, तार मधी झोलते. झोललेली तार मला पाहवत नाही. मी मांडवाच्या खांबावर एक बांबू चढवला आणि तार त्याच्यावर घेऊन मांडवाच्या लोखंडी तारेला आवळून टाकली. छान सरळ दिसत होती. ती आल्यावर काटा पाहते तर पार वर. डबी उघडली, वेढे तपासले, चेहरा उतरला. मग बाहेर येऊन वर पाहिलं.

"मामाजी, तिले टेका तुमी देल्ला का वो?"

"झोलत होती."

"झोलू द्या. हवा आली का झाड हालते, तार तुटन." आणि हसून म्हणाली, "तुमी तं माह्या तारेले वेलच समजले."

टेका काढल्यावर काटा जागेवर आला. पण शनिवारी सकाळी नवीनच निघालं. संचातून लोकांचे आवाज येत होते, आणि त्यांच्यावर सारखं टक, टक, टक. कमी आवाजाचा माणूस त्याच्याखाली बुडून जाई. तिला वाटलं संच खराब झाला. मी दारात उभा होतो. तो ठेका मी रोज ऐकतो. म्हटलं, हे तर आपलं झटका मशीन आहे. कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं, रात्री रानडुकरासाठी, दिवसा माकडांसाठी. जाऊन बंद केलं आणि संच साफ झाला.

रविवारी मशीन बंद ठेवून मी काठी घेऊन मांडवात बसलो. ओरडायचं नाही, असं मीच ठरवलं होतं. खिडकी उघडी, माझं हाट-हूट कोल्हापूरला जायचं. झाडाकडच्या टोकाला तिनं टेस्टरमधला बारका दिवा बांधून दिला होता. बोलली की पेटेल, ऐकत असली की विझेल, आणि पेटलेल्याला हात लावू नका, चटका बसतो. निंबाच्या सावलीत तो दिसायचा. पेटला. विझला. पेटला, विझला, आणि पुष्कळ वेळ विझलेलाच राहिला. माझा जीव त्या दिव्यात. तेवढ्यात माकडांचा कळप मांडवावर उतरला. मी मुक्यानं काठी फिरवत होतो आणि माकडं माझ्याकडं पाहत काकड्या खात होती. दिवा पुन्हा पेटला. या वेळी बोलण्याच्या तालात लुकलुकत राहिला.

मग सून बाहेर आली. डोळे लाल.

"पहिल्यांदा त्यायले ऐकूच नाई आलं. मंग सारे थांबले, म्हने कोणी बोलू नका. मी पुन्हा बोलली तं त्यायनं आवाजावरून ओळखलं. विचारलं, इतके वर्षं कुठं होती?"

"तू काय सांगितलं?"

"म्हटलं, घरी काम होतं."

एवढंच. त्या सगळ्या वर्षांचं तिनं एवढंच सांगितलं. मला मान वर करून तिच्याकडं पाहता येईना.

पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, मशीन लावा मामाजी, काकड्या चालल्या. सर गेले का, मी विचारलं. नाही म्हणाली, बसले आहेत, बाकीच्यांचं ऐकत आहेत. मी म्हटलं, मग तू इथं काय करून राह्यली? जाय, बस. काकड्या मी पाहतो.

ती आत गेली. थोड्या वेळानं दिवा पेटला.