मागितली की सांगितली

जेवणाचे डबे घरोघर पोचवणाऱ्या रायडरांनी तिचं नाव 'राहूद्या मावशी' ठेवलं, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दार उघडणाऱ्याचा हात पाकिटाकडे जायचा अवकाश, तिच्या तोंडून 'राहू द्या हो, कशाला' असं निघालेलंच असे. ती ते मुद्दाम बोलत नसे. शिंक यावी तसं ते यायचं. समोरच्याचं अर्धं उघडलेलं पाकीट टक् करून मिटायचं, 'बरं बरं, थँक्यू हं मावशी' म्हणून दार लागायचं, आणि मग ती जिन्यात उभी राहून स्वतःलाच म्हणायची, 'घे आता. दिलं राहू त्यांनी.'

खोड जुनी होती. तिच्या माहेरची शिकवण अशी, की कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की मान खाली घालून घ्यायचं. चार भावंडं या शिकवणीवर वाढली आणि कुणी उपाशी राहिलं नाही, कारण तीनदा म्हणायचं असतं हे देणाऱ्यांनाही ठाऊक होतं. पण ती सगळी बसून बोलणारी माणसं. इथे दारात उभ्या असलेल्या माणसाच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात गरम पिशवी आणि पायात बाहेर पळू बघणारं मांजर. तो कशाला तिसऱ्यांदा म्हणतोय? पहिल्याच 'नको'ला लोकांचा जीव भांड्यात पडायचा.

या कामाआधी बावीस वर्षं तिने कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं केली होती. कॉलरचं काज आडवं, बाकीची उभी. तिथे कुणी वर काही देत नसे आणि कुणी मागतही नसे. कारखाना बंद पडला, त्याच सुमाराला नवऱ्याला चक्कर यायला लागली आणि डॉक्टरांनी त्याला गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. घरात एक स्कूटर रिकामी आणि एक बाई रिकामी, असा योग जुळून आला. पन्नाशीची बाई पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून पहिल्यांदा निघाली तेव्हा नवरा अंथरुणातून म्हणाला, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आता त्या बिऱ्हाडावरच घर चालत होतं. आणि बिऱ्हाड चालत होतं एका आयडीवर. फोनमधला तो नंबर सकाळी हिरवा दिसला की निघायचं, लाल दिसला की घरी बसायचं.

आयडी लाल होण्याची कारणं कंपनीने सगळ्यांना पाठवली होती. त्यातलं चौथं असं: ग्राहकाकडे टिप मागू नये, दिल्यास घेण्यास हरकत नाही.

"सोपं आहे की," कंडक्टर म्हणाले. हे गृहस्थ बसवरून निवृत्त होऊन याच कामाला लागले होते आणि हॉटेलच्या मागच्या दाराशी ऑर्डरची वाट बघताना तिला फुकट सल्ले देत. "मागायचं नाही, नाकारायचं नाही. पिशवी हातात द्यायची आणि मनात पाचपर्यंत मोजायचं. तेवढ्यात आलं तर आलं, नाही तर डबल बेल."

"आणि त्यांनीच विचारलं, किती देऊ, तर?"

"असं विचारतात?"

"मला विचारतात."

"तुमचा चेहराच तसा आहे, मावशी. चौकशीच्या खिडकीसारखा."

खरंच लोक तिला विचारत. "द्यायचं तरी किती असतं हो?" एका आजोबांनी बिलाचा दहावा हिस्सा काढायला चष्मा आणि पेन्सिल मागवली. उत्तर निघेपर्यंत सुनेने आतून ओरडून सांगितलं, "बाबा, ते बिलातच धरलेलं असतं!" काही धरलेलं नसे. एक जण म्हणाला, जवळच्या हॉटेलातून आणलंय ना, मग कशाला? एका बाईने समजावून सांगितलं, की मी मुद्दामच देत नाही, सवय लागते. कुणाला लागते ते सांगितलं नाही. आणि जे खरोखर विचारत, त्यांना ती म्हणे, "तुमची खुशी." ती खुशी फारच स्वस्तात निघायची.

"खुशी?" वन्संनी कपाळावर हात मारून घेतला. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. पस्तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसून फी घेतलेली बाई आता भावाकडे राहायला आली होती. "अगं, मी फीच्या खिडकीवर 'तुमची खुशी' म्हणत बसले असते तर शाळेला टाळं लागलं असतं. माणसाला आकडा लागतो. आकडा नसला की तो घाबरतो, आणि घाबरला की पाकीट मिटतो."

"पण मागायचं नाही ना, वन्सं."

"माग कोण म्हणतंय? त्याने विचारलं तर सांगायचं. मागणं वेगळं, सांगणं वेगळं. ये इकडे, उभी राहा दारात."

वन्सं स्वयंपाकघराच्या आत उभ्या राहिल्या, ती बाहेर. पर्स म्हणून वन्संनी औषधांचा डबा घेतला.

"अय्या, आलात? किती देऊ हो, ताई?"

"राहू..."

"गीळ! गीळ ते आधी!"

"तुमची..."

"खुशी म्हणालीस तर आजची भांडी तुझ्याकडे."

"भांडी रोज माझ्याकडेच असतात."

"मग तोंड वर करून काय सांगतेस? परत. किती देऊ?"

"वीस?"

"मला काय विचारतेस? उत्तर दे. वीस. आवाज खाली टाक."

"वीस."

"आणि जिने चढून आली असशील तर?"

"पन्नास."

"आणि मला ताट वाढायचे किती?" नवऱ्याने आतून विचारलं. दोघींनीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी एक मोठी ऑर्डर आली. अकरा डबे, दोन पिशव्या, सूप वेगळं. घर सातव्या मजल्यावर. लिफ्टच्या दाराला 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला होता आणि त्या कागदाचे कोपरे पिवळे पडून मुडपले होते. तिने एक पिशवी उजव्या हातात घेतली, एक डाव्या, आणि सूपचा डबा छातीशी धरला. चौथ्या मजल्यावर गुडघ्यांनी संप पुकारला. ती दोन मिनिटं कठड्याला टेकली आणि निघाली. सूपचा थेंब सांडू दिला नाही.

दार उघडलं ते तिशीच्या बाईने. चष्मा केसांत खोवलेला, आत चारसहा माणसांचा गलका. "अगं बाई, जिन्याने आलात? इतकं सगळं घेऊन?" ती पळत आत गेली, पर्स घेऊन आली आणि पर्सच्या तोंडाशी हात थांबवून म्हणाली, "मला ना, खरंच कळत नाही. किती द्यायचं असतं तुम्हाला?"

राहूद्या मावशीने जीभ दातांखाली धरली. मग सोडली.

"पन्नास."

तो शब्द जिन्यात केवढा मोठा वाजला. तिला वाटलं, खालच्या मजल्यांवरची दारंसुद्धा उघडणार. पण चष्मेवालीने पन्नासाची नोट काढून तिच्या हातावर ठेवली. "बरं झालं सांगितलंत. कुणी सांगतच नाही!"

सात मजले ती उतरली ते गुडघे विसरून. खाली येऊन स्कूटरला चावी लावली आणि फोन वाजला. आयडी लाल. खाली ओळ: ग्राहकाकडे टिप मागितल्याची नोंद झाल्याने आपली सेवा थांबवण्यात येत आहे.

तिने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलली.

"मॅडम, तुम्ही टिप मागितली का?"

"त्यांनी विचारलं, किती देऊ. मी सांगितलं."

"म्हणजे मागितली."

"अहो, विचारल्यावर सांगणं म्हणजे मागणं का? तुम्हाला मी नाव विचारलं आणि तुम्ही सांगितलंत, तर तुम्ही काय मागितलंत माझ्याकडे?"

"मॅडम, माझ्यासमोर दोनच चौकोन आहेत. 'मागितली' आणि 'मागितली नाही'. तुमच्या ॲपवरही तेच येतील. 'नाही' लावलंत तर चौकशी होईल, तिला एकवीस दिवस लागतात, तोपर्यंत आयडी बंद. 'मागितली' लावलंत तर फक्त ताकीद आणि तीन दिवस बंद. सहा वाजेपर्यंत उत्तर द्यायचं आहे."

"म्हणजे न केलेलं कबूल केलं की लवकर सुटका?"

"मी असं म्हटलेलं नाही, मॅडम. आणखी काही मदत करू?"

तिने घरी फोन केला. "'नाही' दाब!" वन्सं कडाडल्या. "आपण मागितलेलीच नाही. आणि जा, त्या बाईला विचार जाऊन. आधी तोंडभर गोड बोलते आणि मागून तक्रार करते!"

ती परत सात मजले चढली. या वेळी हात रिकामे होते, तरी चौथ्या मजल्यावर बसावंच लागलं. बसल्या बसल्या तिने काय काय बोलायचं ते जुळवलं. अगदी झोंबणारी चारपाच वाक्यं जुळली.

चष्मेवालीने दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडात घास होता. "तक्रार? मी?" तिने घास कसाबसा गिळला. "अहो, मी कशाला करीन?" तिने फोन आणला, वर खाली केला आणि एका जागी थांबली. जेवण पोचल्यावर ॲपने तिला विचारलं होतं: रायडरने टिपची रक्कम सांगितली का?

"मी 'हो' केलं," ती हळूच म्हणाली. "सांगितलीच होती ना तुम्ही. मला वाटलं, तुमचं चांगलं होईल त्याने. थांबा, मी आत्ता सांगते त्यांना."

तिने फोन लावला आणि आवाज मोठा केला. या वेळी पुरुष होता.

"हे बघा, मीच विचारलं होतं त्यांना, किती द्यायचं म्हणून."

"मॅडम, त्यांनी रक्कम सांगितली का?"

"हो, पण मी विचारलं म्हणून..."

"पुष्टी केल्याबद्दल आभार, मॅडम. आपला दिवस चांगला जावो."

फोन बंद झाला. आतून कुणीतरी ओरडलं, "अगं ये ना, गार होतंय सगळं!"

"म्हणजे मी आणखी पक्कं केलं का?" चष्मेवालीने विचारलं.

"केलंत."

"मग आता मी काय करू? तीन दिवसांचं काही देऊ का तुम्हाला? किती..."

"विचारू नका!" मावशीचा आवाज असा चढला, की आतला गलका थांबला. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवलं नाही. आलं ते भलतंच. "द्यायचं असेल तर हातावर ठेवा, नसेल द्यायचं तर दार लावा. तुमच्या मनाला पटेल ते करा. पण दारात आलेल्या माणसाला किती म्हणून विचारू नका. गप्प बसलं तर आम्हाला काही मिळत नाही, आणि बोललं तर घर बंद पडतं."

"पण मला खरंच माहीत नसतं हो," चष्मेवालीचे डोळे भरून आले. "मग कुणाला विचारायचं?"

या प्रश्नाने मावशीचा राग आणखीच वाढला. निदान समोर एखादा वाईट माणूस तरी असायला हवा होता. या बाईचं तर नाकसुद्धा लाल झालं होतं. अशा माणसावर किती वेळ चिडणार? ती पाठ फिरवून निघाली.

तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून तिने ॲप उघडलं. चौकोन दोनच होते. सहाला अजून पुष्कळ वेळ होता, पण विचार करून त्यांचे तीन होणार नव्हते. मागितली. बावीस वर्षं कारखान्यात डोळ्यांना पाणी यायचं, तरी तिने खिडकीजवळची जागा मागितली नव्हती. बाळंतपणात माहेराहून काय हवं नको म्हणून पत्र आलं, त्यालाही काही नको म्हणून उत्तर दिलं होतं. आणि आता कुठल्या कोण लोकांच्या कागदात तिच्या नावापुढे हा शब्द बसणार होता. दुसऱ्या चौकोनात एकवीस दिवस होते. नवऱ्याच्या गोळ्या दहा दिवसांच्या उरल्या होत्या.

तिने 'मागितली' दाबलं.

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार, असं आलं. खाली, आयडी शुक्रवारी सकाळी आठला सुरू होईल.

घरी पोचल्यावर तिने चप्पल काढता काढता एवढंच सांगितलं, "शुक्रवारपासून चालू."

"बघ!" वन्सं खुर्चीतून उठल्याच. "एकवीस दिवस म्हणत होते ना? म्हटलं होतं मी, 'नाही' दाब. खरं बोलणाऱ्याला कोण अडवतंय? ऐकलंस का रे, तीन दिवसांत सुटली!"

"मग आता भाव वाढव," नवरा आतून म्हणाला. "पाऊणशे सांग."

वन्सं तोवर दारात जाऊन शेजारणीला अथपासून इतिपर्यंत सांगायला लागल्या होत्या, पदरची दोनचार वाक्यं घालून. कंपनीला कसं नमतं घ्यावं लागलं, ते आलं. मावशी पाय धुवायला बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. तरी वन्संचा आवाज ऐकू येतच होता.