तुळशीला पाणी कोण घालतं?

मी दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत स्टोअर सांभाळतो. बीकर फुटले, हातमोजे फाटले की ते राइट-ऑफ करता येतात. किस्से मात्र साठतच जातात! त्यातून आमचे विभागप्रमुख म्हणजे जोगळेकर सर. सर तुळशीच्या पानांतल्या रसायनांवर काम करतात आणि उरलेल्या वेळात आमच्यावर संशय घेतात. मग साठा वाढणारच ना!

*

तुळशीच्या पानाला तो तिखटसर वास येतो ना, तो बराचसा युजेनॉल या रसायनाचा. जंतू मारणं, ठणका कमी करणं असे बरेच गुण त्याच्या नावावर आहेत. पण हेच युजेनॉल लवंगेत भरपूर असतं आणि लवंगेचं तेल स्वस्त पडतं. त्यामुळे बाजारातले 'शुद्ध तुळस अर्क'वाले बाटलीत काय भरत असतील, याची सरांना कायम शंका.

ही शंका घरीही जाते. एकदा सरांना खोकला झाला म्हणून वहिनींनी तुळशीचा काढा करून दिला. सरांनी कप नाकाशी नेला.

"यात लवंग आहे."

"आहे. मीच घातलीय."

"मग तुळस किती घातलीस?"

वहिनी आत निघून गेल्या, तर सरांनी थोडा काढा बाटलीत भरून खरोखर लॅबमध्ये आणला! संध्याकाळी घरी जाऊन म्हणाले, "तुळस निघाली बुवा त्यात."

वहिनी म्हणाल्या, "अच्छा! मग रात्रीचा स्वयंपाकही त्या मशीनलाच सांगा."

हे वहिनींनी स्वतः माझ्या बायकोला सरोजिनी नगरच्या बाजारात सांगितलं, म्हणून पक्की खबर.

*

ते मशीन आमचे शेखकाका चालवतात. तेलातला एकेक घटक वेगळा करून कागदावर त्याचा डोंगरासारखा आलेख काढून देणारं मशीन. काका मूळचे सोलापूरचे, पण शिकले पहाडगंजच्या मराठी शाळेत. आता रिटायरमेंटला आलेत. इतका सरळ माणूस मी तरी पाहिला नाही.

तरी सरांचा नियम असा, की काकांकडे सॅम्पल जाईल ते फक्त नंबर घालून. कुठल्या रोपाचं, कशासाठी, काही सांगायचं नाही! "माणसाला कळलं की तो हवं ते उत्तर काढून देतो," असं सर म्हणतात.

एकदा तर सरांनी सापळाच लावला. तुळशीचा थेंबही नसलेली, नुसतं सॉल्व्हंट भरलेली बाटली नंबर घालून पाठवली. काका रिपोर्ट घेऊन आले.

"सर, यात काहीच नाही."

"नीट बघा."

"नीटच बघितलं. काहीच नाही."

"शाब्बास! पास झालात तुम्ही."

काका बाहेर येऊन मला म्हणाले, "यार, पेन्शनचे कागद भरायला घेतले, आणि आज कुठे पास झालो!"

*

दोन वर्षांपूर्वी लातूरकडची स्नेहा पीएचडीला आली. तिचा विषय मला फार आवडला होता. तुळशीला पाणी कमी पडलं तर पानांतलं युजेनॉल वाढतं का, म्हणजे तहानलेली तुळस जास्त औषधी होते का, हे तिला बघायचं होतं. गच्चीवर कुंड्या मांडल्या. एका बाजूला रोज पाणी, दुसऱ्या बाजूला जेमतेम जीव धरण्यापुरतं.

पहिलाच घोटाळा द्वादशीला झाला. त्या दिवसाचं सॅम्पल नव्हतं. सरांनी विचारलं, "इथे डेटा का नाही?"

"सर, आईचा फोन आला होता. द्वादशीला तुळस तोडायची नाही म्हणाली."

"आणि जर्नलवाल्यांनी विचारलं, तर त्यांना काय तुझ्या आईचा नंबर देऊ?"

*

खरी पंचाईत पुढे झाली. रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंचं युजेनॉल सारखंच! तहानलेली तुळस आणि पाणी प्यालेली तुळस यांत काही फरकच नाही. सर ताडकन म्हणाले, "कुणीतरी पाणी घालतंय."

एकेकाला केबिनमध्ये बोलावणं सुरू झालं. बाहेर कुणाशी बोलायचं नाही अशी ताकीदही दिली. आधी झाडूवाल्या कमलाजींना बोलावलं.

"सच बताइए, तुलसी में पानी आप डालती हैं?"

"नहीं साहब! मैं तो बस शाम को दीया रखती हूँ."

पानांवर तेलाचे डाग कुठून येतात, ते त्या दिवशी कळलं. मग गार्डला बोलावलं.

"पानी? राम राम साहब! मैं तो सिर्फ़ चाय के लिए पत्ते तोड़ता हूँ!"

सर कपाळाला हात लावून बसले. मी म्हटलं, "शेखकाकांना विचारायचं का?"

"त्यांचा काय संबंध? ते कशाला तुळशीला पाणी घालतील!"

*

गच्चीला तिथलंच जुनं कुलूप लागलं. एक किल्ली सरांकडे, एक स्नेहाकडे. तरी रिपोर्ट तोच! मग सरांनी कॅमेरा लावला. तासाभरातच तो गायब झाला. कॉम्प्युटरवर आलेलं त्याचं शेवटचं चित्र पाहिलं, तर सगळी फ्रेम भरून माकडाचं नाक!

सरांनी चष्मा पुसून ते नाक जवळून बघितलं. मग म्हणाले, "याला शिकवलं कुणी?"

आणि माझ्याकडे बघितलं!

*

उरली स्नेहा. त्या दिवशी मी काही कागदांवर सही घ्यायला केबिनमध्ये उभा होतो. सर तिला म्हणाले, "द्वादशीला पानं तोडू नकोस म्हणणारी आई, तहानलेल्या तुळशीला पाणी घाल म्हणून सांगणारच."

पोरीचे डोळे भरले. "सर, रोज त्या रोपांकडे बघून वाईट वाटतं मला. पण थेंबसुद्धा घातलेला नाही मी."

"मग तुझ्या एक्स्टेन्शनवर मी सही कशी करू?"

फेलोशिप संपत आलेली. सही नाही तर पदवी नाही, म्हणजे लातूरला परत. तिकडे घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवातही केली होती. मला सरांचा खरंच राग आला, पण मी आपले कागद पुढे केले आणि सही घेतली.

दुपारी जेवणानंतर सर म्हणाले, "चला, कुंड्यांतली माती तपासू. आज सोक्षमोक्ष लावतो."

बाहेर लूचा गरम वारा नुसता भाजून काढत होता. जिना चढता चढता वरून आवाज आला, म्हणून सरांनी मला हाताने थांबवलं. वरच्या पायरीवर स्नेहा रडत बसली होती. शेजारी शेखकाका. हातात पाण्याची रिकामी बाटली, आणि बोटात गच्चीची जुनी किल्ली. मशीनरूमच्या एसीचं युनिट गच्चीवर आहे, ते बघायला काका रोज वर जातात, हे आम्ही सगळेच विसरलो होतो!

काका तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होते, "रडू नकोस बेटा. तुमचं काय चाललंय ते मला कुणी सांगत नाही, मी विचारतही नाही. पण एका बाजूची रोपं पार माना टाकून बसायची, ते बघितलं मी. म्हटलं, पोरगी बिचारी एकटी कुठे कुठे बघणार? तू बिल्कुल काळजी करू नकोस. तुझं एकही रोप मी सुकू दिलेलं नाही!"