एका मुलासाठी विचारायचंय

बसा, चहा घ्या. हसायचं ते माझं सांगून झाल्यावर हसा, मध्येच नको. आधीच दमलेय मी, आणि ही फजिती सांगताना अजूनही तोंडावर ओढणी घेऊन बसावंसं वाटतं.

माझं काम काय, ते आमच्या कोकणातल्या नातेवाइकांना आजवर कळलेलं नाही. 'रेहाना दुबईत कसलं तरी व्हिसाचं बघते,' एवढंच. गावी लग्नाला गेले की कुणी ना कुणी पासपोर्ट घेऊन मला कोपऱ्यात गाठतंच! अहो, व्हिसाशी माझा काडीचा संबंध नाही. एखादा माणूस जीव मुठीत धरून परक्या देशात पोचतो आणि म्हणतो, मला परत पाठवू नका, मारतील. मग त्याचा वकील मला विचारतो: त्याच्या मुलखात खरंच असं होतं का? पोलीस वाचवतात का? दुसऱ्या शहरात जाऊन तो सुखानं राहू शकेल का? ते मी शोधायचं आणि आधारासकट लिहून द्यायचं.

इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून हे चालतं. खाली लोक ड्रॅगन मार्टमधून झुंबरं घेऊन येत असतात, आणि मी वर बसून कुणाचं घर कुणी जाळलं ते वाचत असते. नवरा विचारतो, "आज काय वाचलंस?" मी म्हणते, "नको विचारू. जेव."

तर एक केस आली. देशाचं नाव सांगणार नाही, कामाचा नियमच आहे तसा. डोंगराळ मुलूख समजा. तिथल्या एका खोऱ्यातला सव्वीस वर्षांचा मुलगा. त्याच्या चुलत्याच्या हातून कुणाचा तरी खून झालेला, आणि आता त्या घरचे लोक सूड घ्यायला ह्याच्या मागे. आमची वकीलबाई लॉरा म्हणाली, "समोरचे सरकारी वकील म्हणणार की वडीलधाऱ्यांनी समेट केला की वैर संपतं. आणि नाही संपलं तरी हा मोठ्या शहरात जाऊन राहील. रेहाना, त्या खोऱ्यातलं खरं काय ते मला हवंय."

मी अहवाल उपसले, बातम्या उपसल्या. त्या खोऱ्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली असेल तर शपथ! डोळे चुरचुरायला लागले, पण हाती काही नाही.

आणि मग लिफ्टमध्ये जरीना आपा भेटल्या. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, त्याच मुलखातल्या. दुबईत इतकी वर्षं काढलीत की हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलतात. म्हटलं, अल्लानंच पाठवलं!

आता आमचा नियम असा, की माणसांना विचारता येतं. पण कशासाठी विचारतोय ते आधी सांगायचं, आणि केसबद्दल मात्र चकार शब्द काढायचा नाही. हे दोन्ही एका वाक्यात कसं बसवायचं, सांगा बरं? मी बसवलं. आपांच्या सोफ्यावर बसले, घसा साफ केला आणि म्हटलं, "आपा, एक लडके के लिए पूछना है. नाम नहीं बता सकती. उसकी जिंदगी का सवाल है."

आपांच्या हातातली किटली हवेतच थांबली. "उमर?"

"छब्बीस."

"अच्छा लडका है?"

"बहुत अच्छा. बस, अकेला पड गया है बेचारा."

यात एक तरी शब्द खोटा आहे का? आता माझा मुलगा फैजानही सव्वीसचाच आहे, आणि आपांना एक लग्नाची मुलगी आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात कुठून येणार? माझ्या डोक्यात ते खोरं होतं, दुसरं काही नाही.

"पूछो, दिल खोल के पूछो!" आपा म्हणाल्या आणि आत वळून हाक मारली. त्यांची शाइस्ता पिस्ते घेऊन आली, हळूच सलाम करून उभी राहिली. मी पिस्ते घेतले, तिच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही.

"आपके खानदान की किसी से दुश्मनी है?" मी विचारलं.

"तौबा तौबा! किसी से नहीं."

"पहले कभी? दादा-परदादा के टाइम?"

आपा जरा चपापल्या. "वो... मेरे भाइयों को मालूम होगा."

"तो भाइयों से मिलवाइए ना! जितने बडे लोग मिलेंगे, उतना अच्छा."

आता काय बोलणार? स्वतःच्या तोंडानं बैठक बोलावली की हो मी!

शनिवारी संध्याकाळी गेले तर आपांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. थोरले भाऊ, हाजीसाहेब, शारजाच्या औद्योगिक भागातून आलेले. तिथं त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. धाकटे रास अल खोरच्या भाजीबाजारातले व्यापारी, डाळिंबांची पेटी घेऊन हजर. दोघांचे कपडे कडक इस्त्रीचे, अत्तराचा घमघमाट. टेबलावर पुलाव, कबाब, मिठाई. मी मनात म्हटलं, काय दिलदार माणसं! माहिती विचारली तर मेजवानी घालतात!

मी आपली सुरू झाले. "हाजीसाहब, दो घरों में झगडा हो, बडे लोग सुलह करा दें, तो बात खतम?"

हाजीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "ऊपर से खतम. बच्चे बडे होते हैं, फिर शुरू."

मी टिपून घेतलं. मला हवं तेच! "और लडका घर छोडकर दूसरे शहर में रहे तो?"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटे म्हणाले, "माँ-बाप से अलग रहेगा?"

"हाँ, बिलकुल अलग."

"और लडकी?"

"लडकी? कौन सी लडकी?" मी म्हटलं. "उसका किसी लडकी से कुछ नहीं है, अल्ला कसम!"

हाजीसाहेबांनी समाधानानं मान हलवली. मुलगा चारित्र्याचा स्वच्छ, बघा! मग अगदी मायेनं म्हणाले, "बहन, फिक्र मत करो. जिस शहर में जाए, वहाँ हमारे लोग हैं. एक फोन करेंगे और ढूँढ लेंगे."

त्यांनी ते दिलाशानं सांगितलं होतं. माझ्या अंगावर मात्र काटा आला. माझ्या केसमधल्या मुलाला हीच तर भीती होती! मी घाईघाईनं विचारलं, "और कुछ उलटा-सीधा हो जाए, तो पुलिस बचाएगी?"

आत कुठंतरी भांडं पडलं.

आणि तेवढ्यात बेल वाजली. आपांनी फैजानला परस्पर फोन करून बोलावलं होतं, 'मम्मी बुला रही है' म्हणून. पोरगं कामावरून तसंच आलेलं, घामेजलेलं. सगळे उठून उभे राहिले. हाजीसाहेबांनी त्याला मिठी मारली, धाकट्यांनी मारली, आपांनी "माशाल्ला!" म्हणत त्याच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

पेढा गालात ठेवून फैजाननं माझ्याकडे पाहिलं. "मम्मी, व्हाय इज एव्हरीवन हगिंग मी?"

तेव्हा! तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. दाराआडून शाइस्ता बघत होती, तिच्या कानात नवे झुमके.

"हाजीसाहब," मी म्हटलं, "माफ कीजिए. वो लडका ये नहीं है."

"तो कौन है?"

"नाम नहीं बता सकती."

हाजीसाहेबांचा आवाज चढला. "कितने लडके हैं तुम्हारे?"

मग मात्र मी सगळं बाजूला ठेवलं आणि जेवढं सांगता येत होतं तेवढं सरळ सांगितलं. मी कुठलं काम करते. तुमच्या मुलखातला एक मुलगा लांबच्या देशात आसरा मागतोय. गुन्हा त्याचा नाही, पण परत गेला तर लोक वाट बघतायत. आणि तुम्ही आत्ता जे बोललात, ते माझा गैरसमज... नाही, तुमचा गैरसमज करून मी ऐकलंय, म्हणून तुमच्या परवानगीशिवाय त्यातला एक शब्दही मी वापरणार नाही.

मला वाटलं, आता हे लोक मला डाळिंबाच्या पेटीसकट बाहेर काढणार. हाजीसाहेबांनी मला हातानं बसायची खूण केली. मग म्हणाले, "हमारा भी एक भतीजा था."

'था' म्हणाले. मी पुढं विचारलं नाही.

"लिखो," ते म्हणाले. "मेरा नाम मत डालना." आणि मघाशी घाईत सांगितलेलं सगळं त्यांनी पुन्हा, सावकाश, पहिल्यापासून सांगितलं. पुलाव थंड झाला. कुणी हात लावला नाही.

अहवाल गेला. आम्हाला सहसा निकाल कळवत नाहीत, पण या वेळी लॉरानं आवर्जून फोन केला: मुलाला राहू दिलं. मी किचनमध्ये जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले थोडा वेळ.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं ना? पण मी कुठली थांबायला!

आपांना ही बातमी सांगायला गेले, तर शाइस्तानं दार उघडलं. या खेपेला मी तिला नीट पाहिलं. काय गोड मुलगी हो! फार्मसीत नोकरी, बोलणं मऊ, आल्याबरोबर माझ्या दुखऱ्या मानेवर कुठलं मलम लावायचं ते सांगितलंन. माझं मन हललं. मी आपांचा हात धरला आणि म्हटलं, "आपा, अब सच में पूछ रही हूँ. मेरे फैजान के लिए."

आपांनी हात सोडवला नाही, पण नजर खाली घातली. "बहन, बुरा मत मानना. लडका तो हीरा है. मगर भाई लोग नहीं मानते. बोलते हैं, काम अपनी जगह, पर जो सास पहले ही दिन पूछे कि पुलिस बचाएगी या नहीं, उस घर में लडकी कैसे दें?"

उठून घरी आले. फैजाननं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सो दे रिजेक्टेड मी?"

"तुला नाही रे राजा," मी म्हटलं. "मला!"