चांगुणाबाईची फुसफुशी

खडकेवाडीच्या शाळेवर मी सात वर्षं मास्तरीण होते. तालुक्याच्या भूमपासून दोन कोसांवरचं गाव, एसटी दिवसातून दोनदा. चांगुणाबाईची माझी ओळख शाळेच्या कुलपामुळं झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळा उघडायला गेले, तर किल्ली कुलपात शिरेना. पोरं दगड घेऊन पुढं सरसावली. तेवढ्यात दूध डेअरीकडून येणारी एक बाई थांबली. तिशी ओलांडलेली, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला.

"बाई, कुलूप फोडू नका. म्या आत्ता आले," असं म्हणून ती भराभरा बौद्धवाड्याकडं गेली आणि एक निळा पत्र्याचा डबा घेऊन आली. वीतभर उंच, वर पांढरं बोंड. तिनं बोंड दाबलं. फुस्स! कुलपाच्या तोंडात फवारा गेला. मग ती पायरीवर निवांत बसली.

"आता?" मी विचारलं.

"आता थांबायचं. त्याला आत जाऊ द्यायचं."

दहा मिनिटांनी किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली.

हा डबा तिचा भाऊ मच्छिंद्र याचा. तो पिंपरीला एका कारखान्यात कामाला होता. तिथं गंजलेले बोल्ट सोडवायला असले डबे वापरत. एक अर्धा उरलेला डबा भंगारात चालला होता, तो त्यानं साहेबाला विचारून मागून घेतला आणि बहिणीच्या दाराची कडी करकरते म्हणून तिला आणून दिला. कडीचं काम चार थेंबांत झालं. उरलेल्याचं काय करायचं, हे चांगुणाबाईनं स्वतः शोधलं.

तिची सासू मथुराबाई आधी त्या डब्याला भ्यायची. "पिकावर मारायचं औषिद दिसतंय. लेकराबाळांच्या घरात ठिवू नगं." पण सुनेनं त्याच डब्यानं तिचा चार वर्षं बंद पडलेला अडकित्ता मोकळा केला, सोड्यानं दोनदा धुऊन, पुसून हातात दिला, तेव्हापासून म्हातारी पार बदलली. येईल त्याला सांगायची, "आमच्या चांगुणीकडं फुसफुशी हाय. काय अडकलंय का तुमचं?"

आणि लोकांचं काय काय अडकलेलं असतं! एकात एक रुतून बसलेले स्टीलचे पेले. शिंप्याच्या मशीनचं चाक. सायकलची साखळी. भूमच्या नव्या रस्त्यावरून चालताना लुगड्याच्या काठाला लागलेलं डांबर. ते काढायला ती फडक्यावर फवारायची, फडक्यानं टिपायची आणि मग साबण लावायची. थेट लुगड्यावर कधी नाही. नव्या ताटावरच्या कागदाचा चिकटा तिनं असाच काढला. एकदा कुणीतरी स्टोव्ह घेऊन आलं, तर तिनं हातसुद्धा लावला नाही. "इस्तवाजवळ ह्ये चालत न्हाय," म्हणाली. डेअरीत ती झाडलोट करायची, कॅन धुवायची. कॅनचं झाकण घट्ट बसलं की लोक म्हणायचे, मार की फुसफुशी. ती म्हणायची, "दुधाच्या भांड्याला? मग दूध तुमी प्या." आणि गरम पाण्यानं झाकण सोडवायची.

गावात तिचं खरं नाव झालं ते पार्वतम्मांमुळं. डेअरीचे सेक्रेटरी शांतलिंग यांच्या त्या आई. माहेर कर्नाटकच्या शिवेवरचं, बोलता बोलता कानडीत शिरायच्या. त्यांच्या पायाचं बोट सुजलं आणि चांदीचं जोडवं मांसात रुतलं. सोनार म्हणाला, कापावं लागेल. पार्वतम्मा ऐकेनात. नवरा डोळ्यांसमोर खाटेवर बसलेला, आणि जोडवं कापायचं? तीन दिवस त्या कण्हत राहिल्या. शेवटी शांतलिंगनं चांगुणाबाईला बोलावलं.

ती ओट्यापाशी थांबली. त्या घरात ओट्याच्या वर ती कधी गेली नव्हती. आतून पार्वतम्मांचा आवाज आला, "बाहेर काय उभी? पाय माझा इथं हाय. ये आत!"

ती आत गेली. आधी तिनं स्वतःच्या मनगटावर फवारून पाहिलं, आग होते का ते बघितलं. मग सूज उतरायला पाय उशीवर उंच ठेवायला लावला, थंड पाण्याची पट्टी ठेवली. अर्ध्या तासानं वाटीत फवारून त्यात दोरा बुडवला, त्यानं जोडव्याच्या कडेला चार थेंब सोडले आणि बोट न ओढता जोडवं नुसतं गोल गोल फिरवत राहिली.

"अम्मा, दुखलं तर सांगा."

"दुखतंय. थांबू नको."

जोडवं अखंड तिच्या तळहातावर आलं. पार्वतम्मांनी ते कपाळाला लावलं. चांगुणाबाईनं त्यांचा पाय साबणानं धुतला. त्या दिवशी त्या घरात तिनं पहिल्यांदा चहा घेतला, घरातल्याच कपात.

एक दिवस चांगुणाबाईचा डबा संपला. भावाला पत्र टाकायला माझ्याकडं आली, पण मजकूर सांगता सांगता थांबली. "बाई, त्या डब्यात असंल तरी काय? पातळ हाय म्हणून फटीत जातंय आन तेलकट हाय म्हणून टिकतंय. एवढंच ना?" पत्र राहिलं. डेअरीत माश्या मारायचा एक मोडका फ्लिटचा पंप पडून होता. तो तिनं शांतलिंगकडून मागून घेतला, सोड्यानं तीनदा धुतला. त्यात रॉकेल आणि शिलाई मशीनचं तेल घालून बघू लागली. रॉकेल जास्त झालं की उडून जायचं, तेल जास्त झालं की वरच बसायचं. महिनाभर तिनं गावातले गंजके खिळे, नांगराचे बोल्ट, मोडक्या बिजागऱ्या गोळा केल्या. शेवटी तीन वाट्या रॉकेलला एक वाटी तेल, हे माप जमलं. पंपाची फुसफुशी आधीच्या डब्यापेक्षा मोठ्यानं वाजायची.

मग आला सत्त्याऐंशीचा उन्हाळा. त्याआधीचे दोन पावसाळे कोरडेच गेले होते. विहिरींचे तळ दिसत होते. गावाची सगळी भिस्त चावडीपुढच्या हापशावर. एप्रिलमध्ये एका सकाळी हापशाचा दांडा वर गेला तो खाली येईना. तालुक्याला निरोप गेला. मेकॅनिकची गाडी एक, हापसे शंभर. बारा दिवस झाले, गाडी आली नाही. टँकर एक दिवसाआड यायचा आणि त्याच्यापुढं हंड्यांची मारामारी. बौद्धवाड्यातल्या बाया रांगेत मागं, त्यांच्यापर्यंत चिखलच यायचा.

तेराव्या दिवशी सरपंच आबारावांनी चार गडी लावले. हापशाचं झाकण एका बोल्टवर असतं. तो गंजून एकजीव झाला होता. गड्यांनी पान्याला घण मारायला सुरुवात केली.

डेअरीतून चांगुणाबाई धावत आली. "मारू नका! बोल्टाची कोपरं झिजली तर मग ह्यो कधीच निघायचा न्हाय."

आबाराव हसले. "का गं, फ्लिट मारून हापसा चालतोय व्हय? हापशाला डास झालेत का?"

सगळे हसले. ती नाही हसली. "सरपंच, तेरा दिस थांबलात. सांजपतूर थांबा. न्हाय निघाला तर तुमचा घण हायेच."

गर्दीतून पार्वतम्मा काठी टेकत पुढं आल्या. "आबाराव, करू दे तिला. घाई केली असती तर माझं जोडवं तुटलं असतं."

चांगुणाबाईनं आधी बोल्टाभोवतीची माती ब्रशनं साफ केली. खाली फडकं बांधलं, म्हणजे थेंब ओघळून पाण्याकडं जाऊ नये. फवारा मारला. दांड्याच्या आसाला दोन्ही बाजूंनी मारला. मग लिंबाखाली जाऊन बसली. तासानं परत फवारा, आणि लहान हातोडीनं बोल्टाच्या डोक्यावर टकटक, दारावर पाहुण्यानं वाजवावं तशी. बारा वाजता परत. दोन वाजता परत. लोक कंटाळून घरी गेले. मी शाळा सोडून येऊन बसले.

चारच्या सुमारास तिनं पाना लावला. दोन्ही हातांनी, हळू. काहीच नाही. उलटं, घट्ट करायच्या बाजूला इवलंसं दाबलं, मग परत सोडायच्या बाजूला. किर्र असा आवाज आला.

"हाललं!" मी ओरडले.

"ओरडू नका, बाई," ती म्हणाली. आणि पाना परत बोल्टावर बसवला.

बोल्ट निघाला. आतली साखळी गंजून काठीसारखी ताठ झाली होती. तिनं साखळीखाली पाण्यात उतरणाऱ्या दांडीभोवती फडकी घट्ट कोंबली, रॉकेलच्या चिंध्यांनी साखळीची कडी न् कडी पुसली, वाकवून मऊ केली आणि बैलगाडीचं वंगण बोटानं भरलं. फडकी, चिंध्या मोजून बाहेर काढल्या. झाकण बसवलं. तोवर सगळा गाव जमला होता.

तिनं दांडा धरला. तो खाली आला. परत वर, परत खाली. कोरडी घरघर. दहा, वीस, तीस वेळा. आबाराव काही बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात नळातून खळकन पाणी आलं. आधी तांबूस, मग स्वच्छ, मनगटाएवढ्या धारेनं. बाया किंचाळल्या. मथुराबाई भर चावडीत ओरडली, "माझी सून हाय ती! माझी!"

चांगुणाबाईनं तांबूस पाणी आधी वाहू दिलं. मग पदर डोक्यावरून घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "रांग लावा. पण आज मागून सुरू करायची."

पुढच्या बायांनी हंडे नळाखालीच धरून ठेवले. मग आबारावच म्हणाले, "ऐकलं न्हाय का? मागून सुरू करा."

तालुक्याचा मेकॅनिक आला तो चौथ्या दिवशी. झाकण उघडून बघितलं आणि दरडावून विचारलं, "सरकारी हापसा कुणी खोलला?" चांगुणाबाई पुढं आली. "म्या."

त्यानं साखळी हातात घेऊन खालीवर पाहिली. वंगणाला नाक लावलं. "कुठं शिकलीस?"

"घरात. कड्याकोयंडे, कुलपं, जोडवी."

तो हसला नाही. वही काढली, तिचं नाव लिहून घेतलं. जूनमध्ये भूमला हापसा दुरुस्तीचं शिक्षण होतं, त्याचं पत्र आलं. एकोणीस बाप्ये आणि ती. पंधरा दिवसांनी ती परतली तेव्हा खांद्यावर पान्यांची खाकी पिशवी होती आणि नऊ गावांचे हापसे तिच्या नावावर होते.

पहिल्या दौऱ्याला मी तिच्याबरोबर एसटीत होते. जड पिशवी पायाशी बघून कंडक्टरनं विचारलं, "मावशी, मालक कुठं कामाला हायेत? कुणाची हत्यारं ही?"

"माझी," ती म्हणाली. "म्या मेकॅनिक हाय. पाथरुडचं एक तिकीट द्या, आन पिशवीवर पाय ठिवू नका."