रंगीचं मयत

माणूस खरोखर मेलं आहे की नाही, हे तपासण्याची माझी नोकरी आहे. कोल्हापुरातल्या एका विमा कचेरीत मी दाव्यांच्या टेबलावर बसतो. समोर कुणी डोळे पुसत आलं तरी मी आधी मृत्यूचा दाखला मागतो, मग दवाखान्याचा कागद, मग ओळखपत्र. इतक्या वर्षांत एकही जिवंत माणूस माझ्या हातून मेला म्हणून सुटलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात ही हुशारी कुठे दिसणार नाही.

आमच्या फुलेवाडीच्या घरात, बाहेरच्या खोलीत, दोन फूट लांबीची काचेची टाकी आहे आणि तिच्यात समुद्र आहे. म्हणजे पुण्याहून मागवलेलं मीठ फिल्टरच्या पाण्यात विरघळवून मी जो तयार करतो, तो. त्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आहेत, दगडांवर वाढणारी हिरवी-जांभळी प्रवाळं आहेत (दिवसा फुलतात, दिवा मालवला की मिटतात) आणि एक कोळंबी आहे. लाल पाठ, पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, आणि अंगापेक्षा लांब पांढऱ्या मिशा. ही जात माशांच्या अंगावरची घाण वेचून खाते. कोल्हापुरात हे कुणाला पटवणं अवघड आहे. घरी येणारा प्रत्येक जण टाकीपुढे कौतुकानं उभा राहतो आणि दोन मिनिटांनी हळूच विचारतो, "मोठी झाल्यावर करायची का काय हिची आमटी?"

माझी आई दोन वर्षांपूर्वी कागलजवळच्या आमच्या गावाहून आमच्याकडे राहायला आली. गुडघे गेले, म्हशी विकाव्या लागल्या, आणि तो राग तिनं कोल्हापूर शहरावर काढला. दिवसभर खुर्चीत बसायची. टीव्ही लावून दिला तर म्हणायची, "बंद कर. किती बोलत्यात." माझी बायको सुजाता तिला फिरायला चला म्हणाली तर उत्तर यायचं, "कुठं? ह्या भिंतीकडनं त्या भिंतीकडं?"

एक दिवस टाकीत शेवाळाचा तुकडा तरंगताना दिसला, म्हणून आईनं तो काढायला हात घातला. तेवढ्यात दगडाखालून कोळंबी आली, सरळ तिच्या हातावर चढली आणि बोटांच्या कडेची कातडी वेचायला लागली. जन्मभर वैरण कापून भेगाळलेली बोटं ती. कोळंबीला पंगतच मिळाली. मला वाटलं, आई ओरडून हात झटकणार. पण आई हलली नाही.

"दिल्या," ती हळू आवाजात म्हणाली, "नखं काढायली की रं ही माझी."

त्या दिवशी कोळंबीचं नाव रंगी ठरलं. आमच्या शेवटच्या म्हशीचं नाव रंगी होतं. तेव्हापासून रोज सकाळी आई साबण न लावता हात धुऊन स्टुलावर बसायची, टाकीत हात घालायची आणि रंगीशी गावाकडच्या गप्पा मारायची. घरात आईचा आवाज परत ऐकू यायला लागला. म्हणून सांगतो, ती साधी कोळंबी नव्हती.

मागच्या वर्षी माझ्या बहिणीच्या नातीचं बारसं होतं, गडहिंग्लजला. आई आठ दिवस राहायला निघाली. जाताना मला म्हणाली, "रोज हात घाल तिच्यापुढं. सवय मोडू दिऊ नगस."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीजवळ गेलो, तर काचेला लागूनच वाळूवर रंगी आडवी पडली होती. मिशा, पाय, शेपूट, सगळं जागच्या जागी. फक्त हालचाल नव्हती आणि रंग उडून अंग पांढुरकं झालं होतं. मी काचेवर टकटक केलं. पंपाच्या पाण्यानं तिचा एक पाय हलला आणि मला क्षणभर आशा वाटली. मग दुसऱ्या बाजूचाही तसाच हलला. मी सुजाताला हाक मारली.

"गेली," मी म्हणालो.

"अगंबाई. आता आईंना काय सांगायचं?"

मी आधी कारण शोधायला लागलो. सुजातानं डासांचं औषध फवारलं होतं का? नव्हतं. टाकीजवळ अगरबत्ती लावली होती का? नव्हती. मग सुजातानं मला एकच प्रश्न विचारला. "काल हात घालायच्या आधी तुम्ही खांद्याला मलम लावलं होतं ना?"

लावलं होतं. त्याच हातानं. हात धुतला होता की नाही, ते मला आठवेना.

मग मी घाबरून टाकीतलं निम्मं पाणी काढलं आणि नवीन भरलं. घाईत ते जरा थंडच होतं. त्यामुळे सगळी प्रवाळं एकदम मिटली आणि मासे दगडामागे जाऊन बसले. इतका वेळ एक मयत होतं, आता अख्खं गावच आजारी पडल्यासारखं दिसायला लागलं. मी त्या दिवशी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, तर "घरात जरा वाईट झालंय" एवढंच सांगितलं.

रंगीला मी चिमट्यानं अलगद उचललं, कागदात गुंडाळलं आणि गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. सुजातानं वर एक फूल ठेवलं. वरच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वाकून विचारलं, "काय झालं वो?"

"आईंची रंगी गेली," सुजाता म्हणाली. तिचा आवाज खरंच जड झाला होता.

काकूंना ऐकायला जरा कमी येतं. त्यांना पहिला आणि शेवटचा शब्द तेवढा ऐकू गेला.

संध्याकाळी दार वाजलं. काकू, त्यांचे मिस्टर आणि समोरच्या घरातले दोघं असे चार जण आत आले आणि सतरंजीवर खाली मान घालून बसले. काकूंच्या हातात पिठलं-भाकरीचा डबा होता. मला वाटलं, कोळंबीसाठी माणसं इतकं करतात! शेजार असावा तर असा.

"लई वाईट झालं," काकूंचे मिस्टर म्हणाले. "आजारी हुत्या व्हय?"

कोळंबीला 'हुत्या'? पण मी म्हटलं, मयताला मान देत असतील. "नाही," मी म्हणालो. "काल रात्रीपर्यंत चांगली होती. मासे स्वच्छ करत होती."

"ह्या वयात बी मासं करत हुत्या," काकू समोरच्यांना म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला. "कामाचा दम लई हुता."

"आणि माती कुठं दिली?"

"गॅलरीत," मी म्हणालो. "जास्वंदीच्या कुंडीत."

चौघांनीही एकदम माझ्याकडे बघितलं. मला कळेना, कुंडीत पुरण्यात एवढं काय चुकलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. रोज संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल यायचा, भाची लावून द्यायची. मी सवयीनं उचलला.

"दिल्या, जेवलास का?" आईचा आवाज खोलीभर घुमला.

काकू मागे सरकल्या. त्यांच्या मिस्टरांनी हात जोडले.

"हे समदे का बसल्यात?" आईनं विचारलं. "त्वांडं का उतरल्यात?"

खरं सांगायची सोय नव्हती. मी म्हणालो, "पाण्याच्या टाकीची मीटिंग आहे."

"मग त्या काकू रडायल्यात कशापायी?"

"पाणी कमी येतंय."

"बरं. रंगी कशी हाय? दाव की जरा."

मी फोन टाकीकडे वळवला. मिटलेली प्रवाळं दिसू नयेत म्हणून हात जरा हलवत ठेवला. म्हणालो, रेंज नाही, ती दगडामागे झोपली आहे, आज तिचं पोट भरलंय. तीन कारणं एका दमात. सुजातानं मान खाली घातली.

"उद्या दाव मग," आई म्हणाली आणि फोन बंद झाला. शेजाऱ्यांना सगळा प्रकार समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. जाताना काकूंनी पिठल्याचा डबा परत नेला.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याच्या दुकानदाराला फोन करून तशीच कोळंबी मागवली. तेवढीच, तशाच मिशांची. माझा बेत सोपा होता. आई रविवारी येणार, नवी रंगी शनिवारी येणार, आणि आईला काही कळणार नाही. सुजाताला हे पटलं नव्हतं. "त्यांना म्हशी शेपटीवरनं ओळखू यायच्या," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी बसवरून थर्माकोलचा खोका घेऊन आलो. नवं जनावर थेट टाकीत सोडायचं नसतं, पिशवी तशीच बंद ठेवून पाण्यावर तरंगत ठेवायची असते, म्हणजे पाण्याचं ऊन-गार सारखं होतं. पिशवी ठेवली आणि चहा घ्यायला आत गेलो. परत येऊन बघतो तर कोळंबी पिशवीच्या बाहेर. पिशवीवर चढून मिशा हलवत बसलेली.

"सुजाता, पिशवी फुटली."

सुजाता आली. तिनं वाकून बघितलं. "पिशवीत एक आहे."

"मग बाहेरची?"

"बाहेर पण एक आहे."

आम्ही दोघांनी दोनदा मोजलं. मग मी दुकानदाराला फोन लावला. "तुम्ही दोन पाठवल्यात का?"

"नाही दादा, एकच."

"इथं दोन आहेत."

"मग तुमची जुनी असेल."

"ती मेली. मी स्वतः पुरली."

त्यानं विचारलं, "दादा, मेलेली कशी होती? आतून पोकळ होती का? दाबून बघितली होती?"

"मयताला कोण दाबून बघतं?" मी म्हणालो.

मग त्यानं समजावून सांगितलं. कोळंबी वाढते तशी दर काही आठवड्यांनी कात टाकते. अख्खी कात निघते, मिशांसकट. नवं अंग मऊ असतं म्हणून ती दोन-तीन दिवस लपून बसते. आणि वरून कुणी भलतंच पाणी ओतलं, तर अजून जरा जास्त बसते. म्हणजे मी पुरलं ते रंगीचं जुनं कातडं होतं.

सुजाता शांतपणे म्हणाली, "ऑफिसात लोकांना तीन-तीन कागद मागता. हिचा एक तरी बघायचा होता."

माझा तरीही विश्वास बसेना. मी गॅलरीत गेलो आणि कुंडी उकरायला बसलो. कागद ओला झाला होता. त्यात पापडाच्या कडेसारखा एक तुकडा आणि एक मिशी सापडली. ती बोटांत धरून मी उजेडाकडे बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"दिल्या, काय उकरायलास?"

आई. जावई गाडी घेऊन कोल्हापूरला येत होते, म्हणून ती एक दिवस आधीच आली होती. मी मिशी मुठीत लपवली. पण सुजातानं तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. मलम, पाणी, कुंडी, काकू, पिठलं, पिशवी. आई दाराला टेकून ऐकत होती. मला वाटलं, आता चिडणार, नाहीतर रडणार.

"ते व्हय," आई म्हणाली. "ती कात मी चार-पाच डाव कचऱ्यात टाकली की. पयल्या डावाला तर म्या बघितलं तिला निघताना. पाठीकडनं फुटून, झटका देऊन भायेर आली. मला वाटलं तुला ठावं आसंल. तू इतका शिकलाईस."

मी म्हणालो, "मग मला सांगायचं तरी."

"तू इचारलंस कवा?"

ती आत गेली, हात धुतला, स्टुलावर बसली आणि टाकीत हात घातला. रंगी ताबडतोब आली आणि करंगळीपासून कामाला लागली. आठवड्याचा साठा होता. आई तिला बारशाची हकीकत सांगायला लागली. मी बाजूला उभा होतो. मला फार बरं वाटत होतं आणि तितकीच लाजही वाटत होती. संध्याकाळी नव्या कोळंबीला पिशवीतून सोडलं. दुसऱ्या दिवशी तीही आईच्या हातावर चढली. आईनं दोघींकडे बघून, जराही न चुकता सांगितलं, "ही रंगी, ही पावणी."

पुढे महिन्याभरात दोघींच्याही पोटाखाली हिरवट अंडी दिसायला लागली. आई म्हणाली, "दोघी बी गाभण कशा? नर कुठाय?" मी पुण्याला फोन लावला. दुकानदार म्हणाला, ह्या जातीत प्रत्येक जण नरही असतो आणि मादीही. मी ते आईला सांगायला गेलो आणि मध्येच अडकलो, कोण कुणाचं काय लागतं ते मलाच कळेना. शेवटी आईनं माझ्या हातातून फोन घेतला. दोघं पाऊण तास बोलले. आईनं त्याला म्हशीच्या वेताविषयी सांगितलं, त्यानं तिला कोळंबीच्या अंड्यांविषयी.

गेल्या आठवड्यात पाणी जरा गढूळ वाटलं, म्हणून मी त्याला परत फोन केला. नाव सांगितलं, टाकीचं माप सांगितलं, कधी किती पाणी बदललं ते सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरं दादा," तो म्हणाला. "आई घरात आहेत का? त्यांना द्या की फोन."