घरच्या कामाले दोन पिनवाली वायर

दवनीवाड्याच्या दुलीचंद तुरकरचा स्वतःचा आवाज फार लोकांनी ऐकला नसेल, पण त्यानं वाजवलेला आवाज दोन कोसावर जात होता. मंडईची जत्रा, दंडारीचं नाटक, लगीन, काहीही असो, भोंगे आणि स्पीकरचे डबे तुरकर साऊंडचेच. शर्टाच्या खिशात टेस्टर, बोटांवर सोल्डरचे चटके, आणि तोंडातून दिवसाला दहा शब्द. त्यातले आठ वायरीबद्दल.

त्याच्याकडे तीन पिनवाल्या दोन लांब वायरी होत्या. त्यांना तो पोरींपेक्षा जास्त जपत होता. मी त्याच्या सेटवर मदतीला जायचो; एकदा विचारलं, "काऊन गा भाऊ, या वायरीत असं का खास हाये?"

"आयक. हिच्यात एकच आवाज दोन तारीतून जाते, एकीतून सुलटा, दुसरीतून उलटा. वरून जाळीची राखन. वाटेत लायटीची भूं शिरली तर दोघीत सारखीच शिरते. त्या टोकाले मशीन उलट्याले सुलटा करते, तवा त्यातली भूं उलटी होते. मंग आवाज आवाजात मिळते, अना भूं भूंले खाऊन टाकते. दोन पिनवालीत आवाजाची तार एकच. तिच्यात शिरलं ते शिरलं."

"मंग घरच्या टेपले कायले दोन पिनवाली लावतेस?"

"घरी दोन हात वायर बे! तेवढ्यात का शिरते? घरच्या कामाले दोन पिनवालीच बस."

बोलला ते खरंच होतं. त्याच खऱ्यानं त्याला खाल्लं.

त्याची बायको शामकला हळदीचे गाणे गायची. आवाज जाड, रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. गावातल्या बाकी बायका तिच्या मागे धरायच्या. पुढचं कडवं कोणतं, हे फक्त तिला माहीत. तिला तिच्या आजीनं दिलं होतं, आणि कागदावर कुठंच नव्हतं.

२००१ च्या वैशाखात मोठ्या पोरीचं, दुर्गेश्वरीचं लगीन निघालं. त्या तिथीला आसपास सतरा लग्नं. कुडवा गावच्या पार्टीनं दुलीचंदचा सेट आधीच सांगून ठेवला होता, म्हणून तीन पिनवाल्या दोन्ही वायरी तिकडं गेल्या. हळदीचे गाणे टेप करायचे दुलीचंदच्या मनात होते. त्यानं दोन पिनवाल्या चार वायरी जोडल्या, मांडवातल्या माईकपासून मागच्या खोलीतल्या टेपपर्यंत नेल्या. साठ हात. मांडवाच्या लायटीच्या सिरीजला चिकटून. त्याच्या डोक्यात हिशोब एवढाच की काम घरचं आहे. घर आणि दोन हात हे त्याच्या डोक्यात एकच झालं होतं. दुसऱ्या कोणाच्या मांडवात त्यानं ही चूक केली नसती.

पाव्हण्यांच्या गर्दीत हेडफोन लावून पाहायला सवड नव्हती. कॅसेट भरली, पेटीत गेली. घरात बाई जिवंत गाऊन राहिली असताना कॅसेट कोण लावते?

२००८ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी शामकलाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला फक्त 'आं'. गोंदियाच्या डॉक्टरनं दोन महिने पाहिलं आणि सांगितलं, हे असंच राहील.

२०१० मध्ये धाकटीचं, रिंकीचं जमलं. रिंकी बापाला म्हणाली, "बाबूजी, ताईच्या हळदीची कॅसेट हाये ना? मायचाच आवाज लावा. त्याबिगर मी हळद लावत नाई."

दुलीचंदनं पेटी उघडली. कॅसेट लावली. भूं... भुंग्यांचं पोळ उठल्यासारखं, आणि त्याच्या मागे कुठंतरी शामकला.

पहिल्यांदा त्याला वाटलं, घरची वायर खराब. नवी लावली. मग अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी ओतलं. मग भाड्यानं जाणारा सेट घरात आणला, मधात दोन पिनचं तीन पिन करणारी डबी लावून तीन पिनवाल्या दोन्ही वायरी टेपपासून डब्यापर्यंत ताणल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भूं तशीच.

गोंदियाला हिमांशूच्या दुरुस्तीच्या दुकानात कॅसेट घेऊन गेला. मी सोबत होतो.

"चाचा," हिमांशू म्हणाला, "घर में दो हाथ का तार है. दो पिन डालो, तीन पिन डालो, एक ही बात. ये भूं तार में नहीं, टेप में बैठी है. मशीन के लिए अब ये भी गाना है."

"निकलेगी नहीं?"

"कॉम्प्युटर पे जाड़ा आवाज काट देता हूँ. भूं उसी के साथ जाएगी. पर चाची का आवाज कैसा था?"

 मीच म्हटलं, "जाड़ा."

तरी हिमांशूनं कापून सीडी दिली. घरी लावली. भूं बरीच गेली होती. उरलेला आवाज पातळ, नाकातला, पत्र्यावर नखं ओढल्यासारखा. शामकला खाटेवर बसून ऐकत होती. तिनं डावा हात वर केला, दुलीचंदकडे पाहून पंजा हलवला. कोण होय ही?

"तूच होस वो," दुलीचंद म्हणाला.

तिनं मान हलवली. नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

रिंकी दारात उभी होती. "रावू द्या बाबूजी," म्हणाली. "शेजारच्या बायका गाणे म्हनतीन."

हळदीच्या दिवशी शेजारच्या धनवंता काकीनं सुरुवात केली. दोन कडवे बरोबर झाले. तिसऱ्याला काकी अडली, बाकीच्यांकडे पाहू लागली. बाकीच्या तिच्याकडे.

"पुढं का होय वो? मामाचं की भावाचं?"

"मले का माहीत, शामकलाच धरत होती."

साऱ्या शामकलाकडे वळल्या. तिला येत होतं, ते तोंडावर दिसत होतं. तिनं डाव्या हातानं मांडीवर ठेका धरला, तोंड उघडलं.

"आं," निघालं. पुन्हा "आं."

 मग एका पोरीनं मोबाईलवर सिनेमाचं गाणं लावलं, आणि रिंकीच्या गालाला हळद लागली.